डिझेल गाडी रात्रभरात एअर घेते (डिझेलच्या पाइपात हवा शिरते), पण बाहेर एक थेंब गळत नाही. शोधायचं कुठून?

खटारामालक

जुना डिझेल पिकअप आहे. ४ सिलिंडर, रोटरी पंप (बॉश व्हीई जातीचा), वेगळा फीड पंप नाही, म्हणजे टाकीपासून डिझेल पंपच ओढतो. फिल्टरच्या डोक्यावर हाताने दाबायचा प्रायमर (डिझेल पुढे ढकलणारा छोटा पंप) आहे.

रोज सकाळी १५-२० सेकंद सेल्फ मारावा लागतो. तेवढ्या वेळात सायलेन्सरमधून धूर अजिबात नाही. मग एकदम भसकन पांढरा धूर टाकून सुरू होते, मिनिटभर मिस मारते आणि नंतर दिवसभर अर्ध्या सेल्फला लागते. सेल्फ मारायच्या आधी प्रायमर २०-२५ वेळा दाबला तर लगेच सुरू होते. उतारावर तोंड खाली करून लावली तर त्रास कमी, तोंड वर असलं की जास्त.

बॅटरी नवीन आहे. चारही हीटर प्लग (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे) टेस्ट लॅम्प लावून पाहिले, चालू आहेत. डिझेल फिल्टर २ महिन्यांपूर्वी बदलला. गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवला होता, सकाळी कोरडा. ही तक्रार साधारण दोनेक महिन्यांची.

पंप उघडून ओव्हरहॉल करायला लागेल असं एकाने सांगितलंय. खरंच पंपाचं काम आहे का हे?

टॉमीपाना

पंपाला हात लावू नका. प्रायमर मारल्यावर पहिल्या सेल्फला लागते आणि दिवसभर नीट चालते, म्हणजे पंप ठणठणीत आहे. त्याला सकाळी फक्त डिझेल मिळत नाहीये. धुराचंही तेच. प्लग गेले असते तर सेल्फ मारताना पांढरा धूर आला असता, कारण डिझेल आत जातं पण पेटत नाही. धूरच नाही म्हणजे नोझलपर्यंत (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतात ते) डिझेल पोहोचतच नाही.

आता गळत का नाही ते. तुमच्या गाडीत टाकी ते पंप हा सगळा रस्ता ओढीचा आहे. तिथे फट असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. गाडी उभी असताना त्या फटीतून हवा शिरली की पाइपातलं डिझेल हळूहळू टाकीकडे उतरतं. पाण्यात बुडवलेल्या स्ट्रॉचं वरचं तोंड बोटाने दाबून ती उचला, मग बोट काढा. तेच. म्हणून तोंड वर करून लावली की जास्त उतरतं आणि पुठ्ठा कोरडा राहतो.

शोधायचं असं:

१. फिल्टर ते पंप यामधला रबरी पाइप काढून त्याच मापाची पारदर्शक नळी लावा, बहुतेक ८ मिमी आतला व्यास, २०-३० सेंमी लांब. ही फक्त तपासणीसाठी. साधी पीव्हीसी नळी डिझेलने आठवड्याभरात कडक होते आणि मग तीच एअर घ्यायला लागते.

२. एअर काढून गाडी १० मिनिटं चालवा, बंद करा, रात्रभर ठेवा. सकाळी किल्ली फिरवायच्या आधी नळी बघा. रिकामी किंवा अर्धी दिसली तर डिझेल उतरलंय. सुरू झाल्यावर आयडलला बघत राहा: सोड्यासारखे बारीक बुडबुडे सतत येत असतील तर फट चालू गाडीतही हवा घेते. सुरुवातीला एक मोठा बुडबुडा जाऊन नळी स्वच्छ झाली तर फट अगदी बारीक आहे, किंवा दुसरीकडे आहे.

३. फिल्टरच्या इनलेटचा टाकीकडून येणारा पाइप काढून त्याजागी वेगळा पाइप लावा आणि त्याचं टोक स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये सोडा. कॅन जमिनीवरच ठेवा. बॉनेटवर ठेवलात तर डिझेल आपल्या वजनाने खाली येईल, ओढ राहणारच नाही, बुडबुडे थांबतील आणि तुम्ही उगीच टाकीकडचे पाइप बदलत बसाल. कॅनवर बुडबुडे थांबले तर दोष टाकीकडे, चालूच राहिले तर फिल्टरच्या डोक्यात किंवा पुढे.

४. मग ग्रीस. गाडी आयडलला ठेवून एकेका जोडावर जाड ग्रीस बोटाने थापा आणि अर्धा मिनिट नळीकडे बघा. ज्या जोडावर ग्रीस लावल्यावर बुडबुडे थांबले तो चोर. साबणाचं पाणी लावू नका. दाबाच्या जागी ते ठीक आहे, इथे ते आत ओढलं जाईल आणि पंपात पाणी म्हणजे गंज.

आणि एक. फिल्टर बदलून दोन महिने, तक्रारही दोन महिन्यांची. ही दोन वाक्यं तुम्ही लांब लांब लिहिलीयत, जरा शेजारी ठेवून वाचा.

रिटर्नवाला

वरचं सगळं बरोबर. फक्त सगळे इनलेटकडे बघतात आणि रिटर्न लाइन (उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणारे पाइप) विसरतात, म्हणून लिहितोय.

नोझलवरून नोझलवर जाणारे ते कापडी वेष्टणाचे बारीक पाइप असतात ना (आतून साधारण ३.२ मिमी), त्यांत दाब जवळपास शून्य असतो. चिरले तरी धार लागत नाही, फार तर नोझलभोवती धूळ ओली होऊन काळी चिकटते. पण रात्री तिथून हवा शिरते, पंपाच्या वरच्या रिटर्नमधून पोकळीत जाते आणि पंपातलं डिझेल इनलेटच्या वाटेने टाकीकडे खाली उतरतं. शेवटच्या नोझलच्या मोकळ्या टोकावर एक छोटी रबरी टोपी असते, ती सगळ्यात आधी वाळते. नखाने दाबून बघा, भेग उघडते.

रिटर्नलाही पारदर्शक तुकडा लावा. सुरू केल्यावर पहिली एक-दोन मिनिटं थोडे बुडबुडे दिसले तर काळजी नको. सकाळी सुरू करायच्या आधीच तुकडा कोरडा असेल तर मात्र इकडे लक्ष द्या.

पंपाचे बँजो बोल्ट (पाइप जोडणारे, आतून पोकळ) काढणार असाल तर रिटर्नच्या बोल्टच्या डोक्यावर इंग्रजीत 'आउट' कोरलेलं असतं. त्याच्या आत अगदी बारीक भोक आहे, त्यावर पंपाचा आतला दाब सांभाळला जातो. इनलेटचा बोल्ट दिसायला तसाच, पण आतून मोकळा. दोघांची अदलाबदल झाली की गाडीला पुरेसं डिझेल मिळत नाही, ताकद जाते, आणि मग लोक पंपाला शिव्या घालतात. काढतानाच खूण करून ठेवा.

तांब्याचे वॉशर नवे घाला. नसतील तर जुने लालबुंद तापवून पाण्यात टाका, तांबं मऊ पडतं. मग बारीक पॉलिश पेपर सपाट काचेवर ठेवून त्यावर घासा. चर दिसत असेल तर फेकाच.

साधाउपाय

एवढं शोधत बसण्यापेक्षा टाकीकडून येणाऱ्या पाइपात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाकून द्या. डिझेल मागे जाणारच नाही. दहा मिनिटांचं काम.

टॉमीपाना

डिझेल उतरणं थांबेल, हवा शिरणं थांबणार नाही. शिवाय स्प्रिंगवाला व्हॉल्व्ह ओढीच्या लाइनमध्ये अडथळाच आहे. आधी जी फट थोडी हवा घेत होती ती आता ओढ वाढल्यामुळे जास्त घेईल. चढावर लोड असताना गाडी दम सोडेल. व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला की वेगळीच भानगड.

टाकीजवळ कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप बसवणं त्यापेक्षा बरं, कारण मग लाइन दाबाखाली येते आणि फट गळून स्वतःच दिसते. पण तो शोधायला वापरा, कायमचा नको. दाब जास्त झाला तर पंपाच्या शाफ्टचं सील जातं.

खटारामालक

केलं सगळं. सकाळी नळी वरून एक तृतीयांश रिकामी. सुरू झाल्यावर सोड्यासारखे बुडबुडे, थांबतच नाहीत. कॅन जमिनीवर ठेवून चालवली, तरी बुडबुडे तसेच. म्हणजे टाकीकडचं सुटलं.

मग ग्रीस: प्रायमरच्या बुडाशी लावलं, फरक नाही. फिल्टरखालच्या पाणी काढायच्या नळाला, फरक नाही. फिल्टर आणि डोकं यांच्या सांध्यावर गोल फिरवून लावलं आणि २०-२५ सेकंदांत नळी एकदम काचेसारखी स्वच्छ. फिल्टर काढतोय. परत बसवताना काय काळजी घ्यायची? आणि एअर काढायचा क्रम सांगा, पंपावर वेगळा ब्लीडिंग स्क्रू दिसत नाही.

टॉमीपाना

फिल्टर उतरवल्यावर डोक्याच्या खोबणीत नखाने चाचपून बघा. जुनी रबरी रिंग डोक्यालाच चिकटून राहते आणि नवा फिल्टर आपली रिंग घेऊन तिच्यावर बसतो. दोन रिंगा एकमेकींवर घसरतात, हाताला घट्ट लागतं, पण हवा बंद होत नाही. चपटी आणि काळी झालेली असते, खोबणीचाच भाग वाटते. बोथट काडीने काढा, स्क्रू ड्रायव्हरने खोबणी ओरबाडू नका.

उघडायच्या आधी खाली अल्टरनेटर असेल तर त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधा. नव्या रिंगला डिझेल चोळा, फिल्टर हाताने फिरवून रिंग टेकली की पुढे पाऊण फेरा. पाना लावायचा नाही. फिल्टर आधी स्वच्छ डिझेलने भरून बसवा, प्रायमर कमी मारावा लागतो.

रिटर्नवाला

भरण्याबद्दल माझं मत उलटं. मधल्या मोठ्या भोकातून ओतलेलं डिझेल गाळलेल्या बाजूला जातं आणि तिथून थेट पंपात. कॅनमधला कचरा पंपाला भरवल्यासारखं आहे. भरायचंच असेल तर कडेच्या बारीक भोकांतून सावकाश भरा. नाहीतर कोरडा बसवा आणि प्रायमर मारा, हात दुखेल एवढंच.

एअर काढायचा क्रम:

फिल्टरच्या डोक्यावर ब्लीडिंग स्क्रू असेल तर तो दीड-दोन फेरे सैल करा, प्रायमर मारा. आधी फेस येईल, मग बुडबुड्याविना डिझेल. प्रायमर दाबलेला असतानाच स्क्रू आवळा, सोडल्यावर आवळलात तर परत हवा ओढेल.

मग पंपाच्या रिटर्नचा 'आउट' बोल्ट अर्धा फेरा सैल करून तेच. खाली फडकं धरा. स्वच्छ डिझेल आलं की हलक्या हाताने आवळा, आटे नाजूक असतात.

एवढ्यावर सुरू झाली नाही तरच नोझलकडच्या दोन पाइपांचे नट एक फेरा सैल करा (बहुतेक १७ नंबरचा पाना) आणि सेल्फ मारा. १० सेकंद सेल्फ, अर्धा-एक मिनिट विश्रांती. नटाखालून डिझेलच्या पिचकाऱ्या येऊ लागल्या की आवळा. या वेळी हात आणि तोंड लांब ठेवा. नोझल शंभर बारच्या वर उघडतात, तसली धार कातडीत घुसते. बाहेरून टोचल्यासारखं दिसतं, पण ताबडतोब दवाखान्यात जाण्याची जखम आहे ती.

इनलेटमध्ये ईथरचा स्टार्टिंग स्प्रे मारू नका. हीटर प्लग लाल असताना तो पिस्टन वर यायच्या आधीच पेटतो, आणि रिंगा-पिस्टनचं काम निघतं.

खटारामालक

दोन रिंगा होत्या. जुनी खोबणीत पार चपटी होऊन बसलेली, नख लावेपर्यंत कळलं नसतं.

कडेच्या भोकांतून भरून फिल्टर बसवला. आयडलला नळीत आता एकही बुडबुडा नाही. पण सकाळी अजून ५-६ सेकंद सेल्फ लागतो. आधीपेक्षा खूप बरं, पूर्ण नाही. इनलेटची नळी सकाळी जरा उतरलेली असते, रिटर्नचा तुकडा निम्मा रिकामा.

रिटर्नवाला

मग चौथ्या नोझलची टोपी. टोपी आणि सगळे बारीक पाइप एकदमच बदला, एक चिरला म्हणजे बाकीचेही त्याच वयाचे. जुना पाइप ओढून काढू नका, नोझलची नळी वाकते; ब्लेडने लांबीत चीर देऊन सोला, पण धातूवर ओरखडा जाऊ देऊ नका. नवे पाइप आत डिझेल लावून बुडापर्यंत ढकला. त्यांना क्लिप लागत नाही.

मोठ्या पाइपांचे क्लॅम्प बदलणार असाल तर स्क्रूने पट्टा ओढणारे लहान मापाला घेऊ नका. ८ मिमी पाइपावर तो पट्टा नीट गोल बसत नाही, स्क्रूखाली फट राहते. नट-बोल्टचे गोल क्लॅम्प घ्या.

खटारामालक

टोपीला आडवी भेग होती, दोन बोटांत दाबल्यावर तोंड उघडायची. पाइप आणि टोपी बदलली. तीन रात्री तोंड वर करून लावली, तिन्ही सकाळी पहिल्या सेल्फला. पारदर्शक नळी काढून डिझेलचा रबरी पाइप परत लावला.

साधाउपाय

रिटर्नचा तुकडापण काढलात ना? तोही कडक होईल.

खटारामालक

तो राहिलाय. संध्याकाळी काढतो.