31 मार्च आणि झाडावरचा आंबा: बागेचा हिशेब रोखीने ठेवावा की उपार्जनाने?

जमाखर्च (धागाकर्ती)

31 मार्चला देवगड-रत्नागिरीकडच्या बागेत काय स्थिती असते? पावसाळ्यातलं कल्टार (मोहोर यावा म्हणून घालायचं औषध), मोहोरावरच्या फवारण्या, राखण, बागेची साफसफाई, हा सगळा खर्च होऊन गेलेला असतो. फळ झाडावर असतं. वाशीला गाड्या जेमतेम सुरू झालेल्या असतात. आणि नेमक्या त्या दिवशी आपण वही बंद करून नफा-तोटा काढतो!

मी बागायतदार, काजू कारखाने, न्याहारी-निवास अशा लहान व्यवसायांचे हिशेब लिहिते. माझं म्हणणं असं की जिथे एकाहून जास्त जणांचा वाटा आहे, तिथे नुसत्या रोखीच्या वहीवर वाटणी करणं अन्यायाचं आहे. वर्षअखेरीला समायोजन नोंदी, म्हणजे खर्च-उत्पन्न ज्या वर्षाचं त्या वर्षात नेणाऱ्या नोंदी, झाल्याच पाहिजेत.

आकड्यांतच बघा. समजा, एका हंगामासाठी मार्चअखेरपर्यंत 4 लाख खर्च झाला. तोवर आंबा विकला गेला 1 लाखाचा. पुढे एप्रिल-मेमध्ये आणखी 9 लाखांचा गेला, आणि त्याच्या काढणी, पेट्या, वाहतुकीला 2 लाख लागले. रोखीची वही म्हणते, पहिल्या वर्षी 3 लाख तोटा आणि दुसऱ्या वर्षी 7 लाख नफा. बाग तीच, हंगाम तोच. उपार्जनाने, म्हणजे पैसे कधी आले-गेले ते न बघता उत्पन्न आणि त्याचा खर्च एकाच काळात धरून लिहिलं, तर एकूण 10 लाखांच्या विक्रीतला दहावा हिस्सा मार्चअखेर झाला, म्हणून 4 लाखांतले 40 हजार या वर्षाला लागतील आणि 3 लाख 60 हजार ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला पुढे जातील. या वर्षी नफा 60 हजार, पुढच्या वर्षी 3 लाख 40 हजार. दोन वर्षांची बेरीज दोन्हीकडे 4 लाखच येते. बदलते ती फक्त कुठल्या वर्षी किती, ही गोष्ट.

आता तीन भावांतला एक 31 मार्चला भागीदारीतून बाहेर पडला असं धरा. रोखीच्या वहीप्रमाणे त्याने एक लाखाचा तोटा सोसायचा, आणि ज्या फळासाठी तो सोसला ते फळ उरलेल्या दोघांचं. हे पटतं का कुणाला?

कंपन्यांना 2013च्या कंपनी कायद्याच्या कलम 128 ने उपार्जन पद्धत बंधनकारक आहे. इतरांना आयकर कायद्याने रोखीची किंवा मर्कंटाइल (म्हणजे उपार्जनाची), यांपैकी एक पद्धत सातत्याने वापरायची मुभा दिली. मुभा आहे म्हणून रोखीची वही पुरेशी ठरत नाही.

बागवाला

ताई, गणित बरोबर आहे, पण ते कागदावर. 31 मार्चला तुम्हाला कोण सांगणार की विक्री 10 लाखांचीच होणार? फुलकिडे आहेत, अवकाळी पाऊस आहे, एप्रिलच्या उन्हात फळगळ आहे. एकूण विक्रीचा आकडाच अंदाजाचा, मग त्यावर काढलेले 40 हजारही अंदाजाचेच.

आमची बाग सामाईक आहे. अर्धे वाटेकरी मुंबईत. त्यांना वर्षाकाठी हिशेबाचा कागद जातो. त्यात काय असतं? अमुक तारखेला औषधाच्या दुकानाला इतके दिले, दलालाची पट्टी (विक्रीचा हिशेब) इतक्याची आली, बँकेत इतके शिल्लक. प्रत्येक आकड्याला पावती दाखवता येते. उद्या त्यात ‘पुढे ओढलेला फवारणी खर्च 3 लाख 60 हजार’ असं लिहिलं की पहिला फोन येणार, हे पैसे कुठे आहेत म्हणून. भाऊबंदांच्या हिशेबात अंदाजाला जागा दिली की भांडणाला जागा दिली. रोखीची वही कमी सांगते, पण जे सांगते ते कुणी खोडून काढू शकत नाही.

खतावणी

बागवाल्यांच्या आक्षेपाला लेखाशास्त्रात उत्तर आहे. 31 मार्चचा हिशेब 31 मार्चच्या रात्री कुणी पुरा करत नाही. तो जून-जुलैत लिहून होतो, तोवर हंगाम संपलेला असतो आणि पट्ट्या हातात असतात. ताळेबंदाच्या तारखेनंतरच्या घटनांसाठी लेखा मानक 4 (हिशेब लिहिण्याच्या अधिकृत नियमांपैकी एक) आहे. 31 मार्चला जी परिस्थिती होतीच, तिच्याविषयी नंतर पक्की माहिती मिळाली तर आकडे सुधारायचे. परिस्थितीच नंतर उद्भवली असेल तर त्या वर्षाचे आकडे तसेच ठेवायचे, मोठी बाब असेल तर फक्त उल्लेख करायचा.

बागेत हे नेमकं लागू पडतं. फेब्रुवारीत करप्याने मोहोर गेला आणि एप्रिलमध्ये फळ किती कमी धरलंय ते कळलं, तर ते नुकसान मार्चच्या आधीचंच आहे. पुढे ओढलेला खर्च विक्रीतून वसूल होणार नसेल तर तेवढा याच वर्षी नफा-तोट्याला टाका. 10 एप्रिलच्या वादळाने फळ पडलं, तर ते पुढच्या वर्षाचं नुकसान. म्हणजे अंदाजालाही शिस्त आहे.

मोठ्या कंपन्यांना लागू असलेली इंड एएस ही लेखा मानकं याच्याही पुढे जातात. तिथे आंब्याचं झाड यंत्रासारखी स्थिर मालमत्ता धरून त्यावर घसारा (दरवर्षीची झीज) काढतात आणि झाडावर वाढणारं फळ वाजवी मूल्याने, म्हणजे बाजारभावाच्या अंदाजाने, दाखवतात. लहान बागेला एवढं करायची गरज नाही. खर्च पुढे ओढला तरी पुरे.

रापणकर

मी बाजू घेतो रोखीची, पण मासेमारीतून. आमच्याकडे फेरीचा हिशेब फेरीला संपतो. मासळी विकली, त्यातून डिझेल, बर्फ, शिधा वजा केला, उरलं त्याची वाटणी मालक आणि खलाशी यांच्यात. ज्या फेरीचं उत्पन्न तिचाच खर्च. उत्पन्नाशी त्याचाच खर्च जुळवायचं तुमचं जुळणीचं तत्त्व यात आपोआप पाळलं जातं, नोंद करावी लागत नाही. काही ठिकाणी होडीचा आणि जाळ्याचा वेगळा वाटा काढतात. घसारा हा शब्द न उच्चारता घसाराच तो.

आता बघा उपार्जनाने काय होतं. मच्छीमार सहकारी संस्थेच्या सभासदांना डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा सरकारकडून मिळतो, पण तो उशिरा, तुकड्यातुकड्यांनी. संस्था स्वतः काही खर्च करते, अनुदानांची वाट पाहते. येणं धरून वाढावा दाखवला की वार्षिक सभेत लाभांशाची मागणी होते. लाभांश द्यायला पैसे कुठून आणायचे? ठेवी मोडून? आमच्याकडची म्हातारी माणसं म्हणतात, पैसो हातात इलो तरच तो आपलो. खलाशाला ऑगस्टमध्ये उचल देताना कागदावरचं येणं उपयोगी पडत नाही.

जमाखर्च

रापणकर, फेरीच्या वाटणीबद्दलचं तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. तुम्ही जे वर्णन केलंत ते जुळणीचंच तत्त्व आहे. पण फेरीत न बसणारे खर्च आहेत ना? 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत इंजिन खोलणं, रंग, जाळी विणणं, कर्जाचं व्याज चालूच. हा खर्च कुठल्या फेरीवर टाकणार?

अनुदानाबद्दल मात्र मी उपार्जनाच्याच नियमावर बोट ठेवते. लेखा मानक 12 प्रमाणे सरकारी अनुदान नोंदवायला दोन गोष्टी लागतात: अटी पूर्ण होतील याची वाजवी खात्री, आणि पैसे मिळणं वाजवीपणे निश्चित. अर्ज केला म्हणून येणं धरायचं नसतं. बँकांचंही तसंच, हप्ता किंवा व्याज 90 दिवसांहून जास्त थकलं की त्या कर्जावरचं व्याज उत्पन्नात धरणं रिझर्व्ह बँकेने थांबवायला लावलं आहे. कागदी नफ्याला आवर घालण्याची सोय या पद्धतीच्या आतच आहे. संस्थेने ती वापरली नाही, तर तो लिहिणाऱ्याचा दोष.

न्याहारी_निवास

मला प्रश्न पडतो की हे सगळं कुणासाठी? मालवणकडे माझ्या चार खोल्या आहेत. मे महिन्याची आगाऊ रक्कम फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. ती मी आली त्या दिवशी लिहिते. आयकरात लहान व्यवसायांना उलाढालीच्या 8 टक्के, डिजिटल जमेवर 6 टक्के नफा धरून कर भरायची सोय आहे, वह्या ठेवायची सक्तीही नाही. अदत्त (भरायचं राहिलेलं) वीज बिल, पूर्वदत्त (आधीच भरलेला) विमा यांच्या नोंदी करून मला काय जास्त कळणार? वीज बिल दर महिन्याला येतं, बारा येतातच. खात्यावर किती पैसे आहेत आणि गणपतीपर्यंत ते पुरतील का, एवढंच मला बघायचं असतं.

खतावणी

वीज बिलापुरतं तुमचं बरोबर आहे. दरवर्षी साधारण सारखाच येणारा लहान खर्च ओढाताण करून हलवण्यात अर्थ नाही, महत्त्वाच्या रकमेलाच हात लावावा. पण आगाऊ रकमेचं तसं नाही. मार्चमध्ये घेतलेले मेचे पैसे ही तुमची कमाई नाही, ते देणं आहे. पाहुणा आलाच नाही तर परत करावे लागतील. ते उत्पन्न समजून मार्चमध्ये नवीन पंखे, गाद्या घेतल्या आणि मेमध्ये बुकिंग रद्द झाली की काय होतं, ते किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला माहीत आहे. आणि जीएसटी नोंदणी असेल तर आणखी एक गोष्ट: सेवेच्या आगाऊ रकमेवर कर पैसे मिळाले तेव्हाच लागतो, उत्पन्न पुढे ढकललं तरी. वस्तूंच्या आगाऊ रकमेवर नोव्हेंबर 2017 पासून तसा लागत नाही. कराचं आणि कमाईचं वेळापत्रक वेगळं असतं, म्हणून दोन्ही वेगळं लिहावं.

काजूगर

आमच्यासारख्या काजू कारखान्याला तर पर्यायच नाही. बी मार्च ते मेमध्ये घेऊन ठेवायची आणि गर वर्षभर विकायचा. 31 मार्चला गोदामात निम्मा पैसा पडलेला असतो. अखेरचा साठा धरला नाही तर साठा वाढलेल्या वर्षी खोटा तोटा दिसेल. शिवाय कॅश क्रेडिटची (खेळत्या भांडवलाच्या कर्जाची) उचल बँक साठा आणि येणी बघून, मार्जिन (आपण स्वतः घालायचा हिस्सा) वजा करून ठरवते. बँकेला रोखीची वही दाखवली तर ती शाखेतूनच परत पाठवेल. साठ्याची किंमत मात्र खर्च किंवा मिळू शकणारा भाव, यांतली कमी ती धरायची. भाव पडलेल्या वर्षी आम्ही याच नियमाने वाचलो, कारण खोटा नफा दिसलाच नाही.

बागवाला

काजू कारखाना वेगळा. तिथे साठा मोजता येतो, वजन करता येतं. मी बागेबद्दलच बोलतो. ताईंचा सगळा त्रास 31 मार्च या तारखेपासून सुरू होतो. बागेचं उत्पन्न शेतीचं, आयकरातून मुक्त, मग वही 31 मार्चला बंद करायची सक्ती आम्हाला कुणाची? आम्ही जूनमध्ये शेवटची पट्टी आली की वही बंद करतो. फवारणी, राखण, पेट्या, विक्री, सगळं एकाच वहीत. पुढे ओढायला काही उरतच नाही. रोखीने लिहूनही हंगाम पुरा दिसतो. तुमच्या समायोजन नोंदी ज्या आजारावर औषध देतात, तो आजारच आम्ही होऊ देत नाही. भावाला बाहेर पडायचं असेल तर करारात लिहून ठेवा, हंगाम संपल्यावरच.

जमाखर्च

हंगामवार वही ही या धाग्यातली सगळ्यात चांगली सूचना आहे, आणि एकट्या मालकाच्या बागेला ती पुरेल. तरी दोन ठिकाणी ती अडते. जूनलाही काही गोष्टी उरतातच: न आलेली पट्टीची रक्कम, पुढच्या वर्षी वापरायचे क्रेट, फवारणीचा पंप जो अनेक हंगाम चालतो. पंपाची पूर्ण किंमत एका हंगामावर टाकली की त्या वर्षीचे वाटेकरी पुढच्यांचा खर्च भरतात.

दुसरी अडचण तारखेची. 1932च्या भागीदारी कायद्याच्या कलम 42 प्रमाणे, वेगळा करार नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते. तो मृत्यू जानेवारीत झाला, मोहोर फुललेला असताना, तर त्याच्या बायको-मुलांना तुम्ही कुठल्या वहीवरून वाटा द्याल?

बागवाला

त्या प्रसंगी हिशेबनीस बोलवू आणि त्या तारखेच्या नोंदी करू. माझा विरोध दरवर्षी, गरज नसताना करण्याला आहे. तो कायम आहे.

जमाखर्च

बोलवाल, पण त्याला देणार काय? औषधाची उधारी कुठल्या हंगामाची, मार्चपर्यंत किती पेट्या गेल्या, राखणदाराचे किती महिने द्यायचे राहिले, हे तुमच्या वहीत नसेल तर बाहेरच्या माणसाने ते कशावरून काढायचं? दरवर्षीचा नफा-तोटा हवं तर रोखीनेच काढा. एवढ्या तीन गोष्टी मात्र वहीच्या मागच्या पानावर, तारखेसह लिहून ठेवा. त्याला मुंबईकरांचीही हरकत असणार नाही.