मदत हवी आहे: विंडोज ११ चं २५एच२ अपडेट चढतच नाही, तीन वेळा मागे फिरलं

दिवेलागण
तीन रात्री यात गेल्या. अपडेट डाउनलोड होतं, मशीन रीस्टार्ट होतं, टक्के साठ-सत्तरपर्यंत सरकतात आणि मग 'बदल मागे घेत आहोत' असं येऊन जुनं विंडोज परत हजर. मशीन दणकट आहे, डिस्कवर जागा भरपूर आहे, त्यामुळे 'पीसी जुना झाला असेल' हे कृपया कोणी सांगू नका. ट्रबलशूटर चालवला, बाहेरचा अँटीव्हायरस काढला, काही फरक नाही. सोमवारी एक व्हिडिओ द्यायचाय. कोणाला नक्की माहीत असेल तर लवकर सांगा.

खटपट्या
कुठल्या आवृत्तीवरून जाताय? एरर कोड काय आला? २४एच२ वर असाल तर २५एच२ म्हणजे छोटंसं पॅकेज, एका रीस्टार्टचं काम. २३एच२ वर असाल तर अख्खी सिस्टिम नव्याने बसते. दोन्हीकडे अडचणी वेगळ्या असतात.

पानगळ
सरळ फॉरमॅट मारा. मी दर मोठ्या अपडेटला हेच करतो, दोन तासांत मशीन कोरं करकरीत. ही शोधाशोध करण्यात जो वेळ जातो त्यात चार वेळा इन्स्टॉल होईल.

दिवेलागण
फॉरमॅट नाही करणार. प्लगइनची लायसन्सं परत चढवण्यातच आठवडा जाईल.
२३एच२ होम आहे. त्याचे सुरक्षा अपडेट ११ नोव्हेंबर २०२५ लाच थांबले, म्हणून तर घाई. कोड लिहून ठेवला नाही.

निवांत
सर्व्हिसेसमध्ये जाऊन 'विंडोज अपडेट' शोधा, स्टार्टअप टाइप डिसेबल्ड करा. परत कधी त्रास नाही. माझं दोन वर्षं असंच चालू आहे.

खटपट्या
निवांत, त्यांना अपडेट हवं आहे, थांबवायचं नाहीये. आणि दोन वर्षं सुरक्षा अपडेटशिवाय मशीन नेटवर ठेवणं हा उपाय म्हणून कोणाला सांगू नये.

चौकस
कोड गेलेला नसतो. सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अपडेट हिस्ट्री. तिथे प्रत्येक फसलेल्या प्रयत्नासमोर तो दिसेल. आणि मशीनची पूर्ण माहिती द्या: प्रोसेसर, मेमरी, गेल्या महिन्या-दोन महिन्यांत काय बदललं. 'दणकट' एवढ्यावरून काही कळत नाही.

दिवेलागण
रायझन ९ ७९५०एक्स, १२८ जीबी डीडीआर५, २ टीबी एनव्हीएमई. बदललं काहीच नाही.
कोड (सुरुवातीचं शून्य-एक्स गाळलंय): पहिल्यांदा ८००७०००डी, दुसऱ्यांदा ८००७०५७०, तिसऱ्यांदा सी१९००१०१.

खटपट्या
पहिला म्हणजे डेटा अवैध, दुसरा म्हणजे फाइल खराब. सिस्टिमच्या फायली बिघडल्यात. अ‍ॅडमिन टर्मिनलमध्ये आधी डिझमचं रिस्टोअर-हेल्थ, मग एसएफसी स्कॅननाउ; दोन्ही विंडोजच्या बिघडलेल्या फायली दुरुस्त करणाऱ्या आज्ञा. माझ्याकडे दहातल्या आठ वेळा यानेच सुटतं.

उंबरठा
थांबा, डिझम आत्ता चालवू नका. तिन्ही कोड वेगवेगळे आहेत याकडे बघा. विंडोजची एखादी फाइल खराब असेल तर गाडी बहुतेक त्याच वळणावर, त्याच कोडने अडते. दरवेळी नवीन ठिकाणी अडत असेल तर मला आधी मेमरीचा संशय येतो. अपडेट गिगाबाइटांनी फायली मेमरीत उलगडतं आणि प्रत्येकीची बेरीज ताडून बघतं. एक बिट उलटला तरी 'फाइल खराब'.
दिवेलागण, १२८ जीबी मेमरीच्या किती काड्यांत आहे? सगळ्या एकत्र घेतल्या होत्या का? बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्स्पो, म्हणजे मेमरी जास्त वेगाने चालवणारी सोय, चालू आहे का? आणि मोठी झिप उघडताना अधूनमधून सीआरसी एरर, म्हणजे फाइल बिघडल्याचा इशारा, येतो का?

खटपट्या
एवढ्या दूरचं कशाला? डिझमने नुकसान काय होणार? साधी पायरी आधी, हार्डवेअर नंतर.

उंबरठा
नुकसान असं की डिझम खराब समजलेल्या फायलींच्या जागी नव्या लिहितं, आणि त्याही त्याच मेमरीतून जातात. मेमरी चुकत असेल तर धडधाकट फाइल बिघडू शकते. माझ्या एका मशीनची मी अशीच 'दुरुस्ती' केली, नंतर ते चालूच होईना. तुमचा उपाय चुकीचा नाही, त्याची पाळी नंतरची.

झुळूक
१२८ जीबी लागते तरी कोणाला? मी फोर-के एडिटिंग ३२ वर करते.

चौकस
झुळूक, आफ्टर इफेक्ट्समध्ये प्रीव्ह्यूच्या फ्रेम मेमरीत साठतात, तिथे १२८ सहज भरते. पण हा विषय वेगळा धागा काढून बोलूया.

दिवेलागण
चार काड्या, प्रत्येकी ३२. आधी दोन होत्या, गेल्या महिन्यात त्याच मॉडेलची दुसरी जोडी टाकली. मेमरी वाढवली म्हणजे अपडेटशी संबंधित काही बदललं असं वाटलं नाही, म्हणून लिहिलं नाही. एक्स्पो चालू, वेग ६०००. आणि हो, झिपचा एरर येतो. मला वाटलं क्लायंटनेच फाइल अर्धवट पाठवली, त्याला दोनदा परत पाठवायला लावली.

उंबरठा
याच प्रोसेसरची मेमरीच्या वेगाची अधिकृत मर्यादा दोन काड्यांना ५२०० आहे, चार काड्यांना ३६००. ६००० हे ओव्हरक्लॉकिंगच, दोन काड्यांवर बहुधा निभतं, चारवर क्वचित.
१. डिस्कवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय) आहे का बघा आणि रिकव्हरी की दुसऱ्या उपकरणावर उतरवून ठेवा. बायोसमध्ये हात घालण्याआधी हे करायचंच.
२. मेमटेस्ट८६ (मेमरी तपासणारा प्रोग्रॅम) पेनड्राइव्हवरून, आत्ताच्या सेटिंगवर. एकही लाल ओळ, म्हणजे चूक, आली तर थांबा.
३. एक्स्पो बंद करून परत तीच चाचणी. १२८ जीबीला रात्रभर लागेल.

दिवेलागण
पहिल्याच फेरीत लाल ओळी. एक्स्पो बंद केलं आणि आता स्क्रीनच येत नाही. पंखे फिरतायत, पाच मिनिटं झाली. मशीन गेलं का?? फोनवरून लिहितोय.

पानगळ
सेल काढून बायोस रीसेट करा पटकन.

उंबरठा
काहीही काढू नका, पॉवर बटणालाही हात लावू नका. मेमरी ट्रेनिंग चाललंय. सेटिंग बदलल्यावर बोर्ड प्रत्येक काडीशी वेळा नव्याने जुळवतं, चार मोठ्या काड्यांना दहा-पंधरा मिनिटंही लागतात. मध्येच बंद केलं तर पहिल्यापासून.

दिवेलागण
आलं. साडेआठ मिनिटं. हात अजून थरथरतोय. बायोस आता ३६०० दाखवतंय, चाचणी लावून झोपतो.

दिवेलागण
सकाळ झाली. चार फेऱ्या, शून्य चुका. आता परत अपडेट दाबू?

उंबरठा
आधी सॉफ्टवेअर-डिस्ट्रिब्यूशनमधलं (विंडोज अपडेट जिथे उतरवतं ते) डाउनलोड फोल्डर रिकामं करा, आत उतरलेलं सगळं संशयास्पद आहे. मग खटपट्यांनी सांगितलेलं डिझम आणि एसएफसी, त्याच क्रमाने. मग आयएसओ (विंडोजची पूर्ण इन्स्टॉल फाइल) नव्याने उतरवून त्यातला सेटअप विंडोजच्या आतूनच चालवा, 'फायली आणि अ‍ॅप्स ठेवा' निवडून. आणि या महिन्याभरात केलेली कामं उघडून बघा. चुकीच्या मेमरीतून सेव्ह झालेली फाइल स्वतःहून ओरडत नाही.

खटपट्या
क्रमाचं पटलं. चार काड्या आहेत हे पहिल्या पोस्टमध्ये असतं तर मीही डिझम आधी सांगितलं नसतं.

दिवेलागण
झालं! २५एच२, पहिल्याच प्रयत्नात. एसएफसीने काही फायली दुरुस्त केल्याचं सांगितलं. दोन प्रोजेक्ट फायली मात्र उघडत नाहीत, बॅकअप जुना आहे, त्यावर बसलोय. उंबरठा, खटपट्या, चौकस, मनापासून आभार.
एक विचारायचं राहिलं: ३६०० वरून थोडं वर नेता येईल का? रेंडर जरा हळू वाटतोय.

उंबरठा
सोमवारचं काम देऊन झाल्यावर. ४८०० लावा, रात्रभर मेमटेस्ट, स्वच्छ गेलं तर ५२००. एक लाल ओळ दिसली की एक पायरी खाली. आणि तेव्हा स्क्रीन काळी राहिली तर वाट बघा.