अनुभव धागा : भाड्याची बोट आणि आपणच कप्तान

मंडळी, परवा सेवउसळ खाताना भाचा सहज म्हणाला, मामा, आम्ही आठ मित्र मे महिन्यात क्रोएशियात याट भाड्याने घेतोय, बेअरबोट. म्हणजे कप्तान नाही, स्वतःच चालवायची. एकाने पाच दिवसांचा कोर्स केलाय म्हणे. मला धस्सच झालं. बडोद्याच्या आपल्या लोकांपैकी कुणी असलं काही केलं असेल, बघितलं असेल, तर लिहा. बोट कुठलीही चालेल.

दांडियाबाजार
मी केलंय हे. तिथे लायसन्स लागतं आणि व्हीएचएफ रेडिओचं सर्टिफिकेटपण, दोन्ही होतं माझ्याकडे, फक्त कोर्समध्ये शेजारी इन्स्ट्रक्टर असतो आणि इथे मेहुणा होता. संध्याकाळी एका खाडीत सहा मीटर पाण्यात नांगर टाकला, साखळी सोडली जेमतेम पंधरा मीटर. खोलीच्या चार-पाच पट तरी सोडायला हवी, साखळी तळाशी आडवी पडली तरच नांगर रुततो नाहीतर वरून ओढला की उपटतो, हे परीक्षेत लिहिलं होतं मी! रात्री बोरा सुटला (डोंगरावरून एकदम कोसळणारा ईशान्येचा वारा) आणि आमची बोट घसरत घसरत शेजारच्या जर्मन कुटुंबाच्या बोटीवर. त्यांची पोरं आत झोपलेली. आजोबा चड्डीवर बाहेर येऊन मध्ये फेंडर (बोटी घासू नयेत म्हणून लावायच्या फुगीर उशा) लावत होते, एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. डिपॉझिट गेलं ते वेगळं.

वारसिया, मर्चंट नेव्ही
दुसऱ्या बाजूने सांगतो. इंग्लंडात साउथॅम्प्टनला जाताना सोलेंटमध्ये (बंदराआधीची सामुद्रधुनी) रविवारी शिडांचा नुसता बाजार असतो. तिथे एका पट्ट्यात 150 मीटरहून लांब जहाजाच्या पुढे 1000 मीटर आणि बाजूंना 100 मीटर कुणी यायचं नाही असा नियम आहे. एका बोटीवर बहुतेक वाढदिवस होता, फुगे बांधलेले, आली आमच्या पुढून आडवी. पाच छोटे भोंगे दिले, म्हणजे 'काय करताय ते कळत नाहीये', तर त्यांनी हात हलवून टाटा केलं. जहाजाच्या नाकापुढचं पाणी ब्रिजवरून (जिथून जहाज चालवतात ती वरची खोली) दिसत नाही, 500 मीटरपर्यंत आंधळा भाग नियमातच धरलाय. शीड दिसेनासं झालं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडेपर्यंत पायलट (बंदरात वाट दाखवायला जहाजावर येणारा तिथला जाणकार) गप्प, मी गप्प. शिडाला वाट द्यायची एवढंच ऐकून येतात लोक, अरुंद चॅनलमध्ये शिडाने मोठ्या जहाजाची वाट अडवायची नसते हे राहूनच जातं.

रावपुऱ्याची सून
ग्रीस. नवरा 'दोरी धर' म्हणाला, कशी ते नाही सांगितलं. विंचमध्ये (दोरी गुंडाळून ओढायचा रहाट) हाताचं बोट सापडलं, अजून नीट वाकत नाही. बाकी ट्रिप छान झाली.

सुरसागरकाठ
एवढ्या लांब कशाला जायचं. 1993 च्या ऑगस्टमध्ये सुरसागरात बोट उलटली, 22 माणसं गेली. मी लहान होते, बाबा काठावर जाऊन आले आणि न जेवता झोपले इतकंच आठवतं. मग 18 जानेवारी 2024, आपल्या बडोद्यातलाच हरणी तलाव, सहलीची 12 मुलं आणि 2 शिक्षिका, बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं आणि सगळ्यांना जॅकेटं नाहीत. तेव्हापासून मी कुठल्याही बोटीत चढायच्या आधी किती माणसं, किती जॅकेटं ते मोजते, मुलं लाजतात, लाजू देत.

(धागाकर्ता)
भाच्याला सगळं पाठवलं. म्हणतो टेन्शन नको घेऊ मामा, पहिले दोन दिवस तिथला स्किपर (भाड्याचा कप्तान) घेतो, मग बघू. दोनच का, पूर्ण आठवड्याला स्किपर काय घेतो रोजचा, दांडियाबाजारवाले, कल्पना आहे का?