जुन्या गाडीत व्होल्टमीटर बसवलाय? अनुभव लिहा

पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, जीप, परदेशात असाल तर तिथली एखादी जुनी गाडी. डॅशबोर्डवर चार्जिंगचा नुसता लाल दिवा असलेल्या सगळ्यांसाठी हा धागा. तो दिवा पेटतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. बॅटरी हळूहळू उतरतेय किंवा रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा भाग) जास्त व्होल्ट सोडतोय, याचा त्याला पत्ताच नसतो. मीटर कुठे बसवला, वायर कुठून घेतली, काटा कुठे थांबतो ते लिहा. फोटो नसला तरी चालेल, आकडे हवेत.

माझी १९८६ ची पद्मिनी, पुणे. डॅशला भोक पाडायला हात धजेना, म्हणून खाली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी वाकवून ५२ मिमीचा मीटर टांगला. चावी फिरवल्यावरच करंट येतो अशा टर्मिनलवरून १ अँपिअरचा फ्यूज घालून लाल वायर, रंग खरवडून बॉडीला काळी, बल्बची वायर पॅनल लाइटला. इंजिन बंद, चावी चालू: १२.४. चालू इंजिनवर १४ च्या आसपास.

डोंबिवली, अ‍ॅम्बेसेडर
आमचा काटा १३ च्या वर जाईचना. गॅरेजवाल्याने लगेच नवा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) गळ्यात मारला. काटा तिथेच! मग मल्टिमीटर थेट बॅटरीवर लावला तर १४.१. म्हणजे चार्जिंग आधीपासून व्यवस्थित होतं, मधल्या वायरिंगमध्ये व्होल्ट गळत होते. शोधायची युक्ती सोपी आहे: इंजिन आणि हेडलाइट चालू ठेवा, मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी डॅशमधल्या मीटरच्या प्लसवर टेकवा. जो आकडा दिसेल तेवढी गळती. माझ्याकडे ०.९ होती, इग्निशन स्विचचे काळे पडलेले संपर्क आणि गंजलेले कनेक्टर. साफ केल्यावर ०.२. नवा अल्टरनेटर घेण्याआधी एवढं कराच. जुना अल्टरनेटर अजून माळ्यावर पडून आहे, उत्तम चालतो.

बर्मिंगहॅम, एमजीबी १९६६
इथे पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला, त्यामुळे सगळं उलटं: मीटरचा प्लस बॉडीला, मायनस इग्निशनच्या वायरला. सीटमागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून १२ केलेले. मी त्या काळाला शोभेल असा जुना स्मिथ्सचा मीटर घेतला. त्याच्या आत तापून वाकणारी द्विधातू पट्टी असल्यामुळे काटा सावकाश, सुस्तावलेल्या मांजरासारखा वर येतो, घाबरू नका. पेट्रोलच्या काट्यामागे स्टॅबिलायझर (काट्याला स्थिर व्होल्ट देणारी डबी) असेल तर त्याच्या आउटपुटवर मात्र मीटर जोडू नका, तिथे सरासरी १० व्होल्टच मिळतात. आणि डायनॅमोवाल्यांनो (अल्टरनेटरच्या जागी जुना डायनॅमो असलेल्यांनो), रात्री सिग्नलला हेडलाइट लावून उभं असताना काटा १२ च्या खाली उतरला तर गॅरेज गाठू नका. गाडी उभी आणि इंजिन नुसतं हळू फिरत असताना डायनॅमो चार्ज करतच नाही. गाडी निघाली की काटा चढायला हवा, एवढंच बघा.

कोल्हापूर, जीप
आमच्याकडे भांडण वेगळंच. डॅशवर आधीपासून अ‍ॅमीटर, म्हणजे करंट मोजणारा मीटर. आबा म्हणाले, ‘अ‍ॅमीटर काढायचा न्हाई, कंपनीचा हाय.’ पण व्होल्टमीटर लाइनला समांतर बसतो, अ‍ॅमीटर मालिकेत. म्हणून चार्जिंगचा सगळा करंट अ‍ॅमीटरमधून, म्हणजे डॅशमधून फिरून येतो. डायनॅमो होता तोवर ठीक, अल्टरनेटर बसवल्यावर अ‍ॅमीटरचा नट जरा सैल झाला की हात लावला तर चटका. मी दोन्ही वायरी मागच्या मागे जाड केबलने जोडून टाकल्या, अ‍ॅमीटर शोभेला ठेवला आणि शेजारी व्होल्टमीटर. आबांना अजून सांगितलेलं नाही. आणखी एक, महायुद्धातल्या मूळ जीपा ६ व्होल्टच्या. तशी असेल तर मीटर घेताना स्केल बघून घ्या.

ठाणे, पद्मिनी
लॅमिंग्टन रोडवरचा डिजिटल. स्वस्त, अचूक, आणि त्या डॅशवर भयंकर दिसतो. ग्लव्ह बॉक्सच्या आत बसवलाय. थेट बॅटरीवर जोडू नका, गाडी उभी असतानाही थोडं थोडं खातो.

कुर्ला, निवृत्त ऑटो इलेक्ट्रिशियन
काळ्या-पिवळ्या पद्मिनींवर बरीच वर्षं काम केलं. टॅक्सीवाल्यांकडे कुठला मीटर! अ‍ॅक्सिलरेटर दिला की हेडलाइट भसकन उजळतो, बॅटरीत सारखं पाणी घालावं लागतं, बॉनेट उघडलं की अ‍ॅसिडचा वास, एवढ्यावर ओळखायचो की रेग्युलेटर गेलाय. तुमच्या मीटरवर काटा १५ च्या वर टिकून राहिला तर हाच प्रकार. तेव्हा लांबचा प्रवास करू नका, बॅटरी उकळते.

नाशिक, पद्मिनी
काका, इंडिकेटर लावला की माझा काटा त्याच्याबरोबर नाचतो. मीटर खराब?

कुर्ला
नाही हो. बहुतेक मीटर आणि इंडिकेटर एकाच वायरवर किंवा एकाच अर्थवर आहेत. आधी मीटरला वेगळी अर्थ वायर द्या, इंजिन ते बॉडीची पट्टी घासून घट्ट करा. तरी नाचला तर करंट वेगळ्या फ्यूजवरून घ्या.