मदत हवी आहे : आईच्या देखभालीचे निर्णय आईच्या हाती कसे आणावेत? (न्यू जर्सी)

नमस्कार.

न्यू जर्सीत मेडिकेडमार्फत (कमी उत्पन्न असलेल्यांसाठीची सरकारी आरोग्य योजना) मिळणाऱ्या दीर्घकालीन देखभालीचा ज्यांना प्रत्यक्ष अनुभव आहे, त्यांच्याकडून मला सल्ला हवा आहे. माझी आई 81 वर्षांची असून एडिसनमध्ये आमच्याकडे राहते. चार वर्षांपूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका आला आणि तेव्हापासून तिची उजवी बाजू अधू आहे. बोलताना ती अडखळते, परंतु समज पूर्ण शाबूत आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण माझा सगळा प्रश्न त्यावरच उभा आहे.

इथे 1 जुलै 2014 पासून ही देखभाल विमा कंपन्यांकडे सोपवलेली आहे. राज्य सरकार कंपनीला दर माणशी दरमहा ठरावीक रक्कम देते आणि कोणती सेवा किती तास द्यायची, हे कंपनीची केअर मॅनेजर घरी येऊन मूल्यमापन करून ठरवते. आईला आठवड्याला 25 तास मंजूर आहेत आणि तासांबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती ते तास कसे वापरले जातात याबद्दल. एजन्सीची मदतनीस सकाळी साडेनऊला येते. जन्मभर सहाच्या आत अंघोळ आणि मग देवपूजा केलेली माझी आई तोपर्यंत पारोशी बसून राहते. आठ महिन्यांत सहा मदतनीस बदलल्या. कपडे घालताना अधू हाताची बाही आधी चढवावी लागते, नाहीतर खांद्यातून कळ येते. हे प्रत्येक नव्या बाईला पहिल्यापासून सांगावे लागते, म्हणून आईने ‘धिस आर्म फर्स्ट’ एवढे इंग्रजी पाठ करून ठेवले आहे.

सेवेचा आराखडा शक्य तितका त्या व्यक्तीच्याच पुढाकाराने, तिला सोयीच्या वेळी आणि तिने निवडलेल्या माणसांना सोबत घेऊन तयार व्हावा, असे अमेरिकेच्या केंद्र सरकारचे नियम सांगतात. प्रत्यक्षात गेल्या भेटीत सगळे प्रश्न मला विचारले गेले, उत्तरे मी दिली आणि शेवटी आईची सही घेतली गेली. केअर मॅनेजर गेल्यावर आई म्हणाली, “माझ्याच अंघोळीचं ठरत होतं ना? मग मला का नाही कुणी विचारलं?” त्या न विचारणाऱ्यांत मीही होते, आणि ते मला फार लागले आहे.

आता आम्ही मेडिकेडच्याच ‘पर्सनल प्रेफरन्स प्रोग्रॅम’ या पर्यायाचा विचार करत आहोत. त्यात मंजूर तासांच्या हिशेबाने दरमहा बजेट मिळते, मदतनीस आपण स्वतः निवडायची असते, नातेवाईकही चालतात, आणि पगार व करांचे काम एक मध्यस्थ संस्था पाहते. आर्कान्सा आणि फ्लोरिडाबरोबर न्यू जर्सीत या पद्धतीचा प्रयोग झाला, तेव्हा लोकांचे समाधान वाढल्याचे आणि अपुऱ्या राहणाऱ्या गरजा घटल्याचे दिसले होते, म्हणून आशा वाटते. आईच्या मनात जवळच राहणारी माझी मावसबहीण आहे. ती पहाटे येऊ शकते.

माझ्या शंका अशा. हा बदल मागितल्यावर कुणाचे नव्याने मूल्यमापन होऊन तास कमी झाले का? तसे झाल्यास लेखी सूचनेपासून 60 दिवसांत अपील करता येते आणि निकालापर्यंत जुनी सेवा चालू हवी असल्यास साधारण 10 दिवसांतच मागणी करावी लागते, एवढे मी वाचले आहे. परंतु ज्यांनी हे केले, त्यांना मधल्या काळात सेवा खरोखर मिळाली का? मावसबहीण आजारी पडली तर बदली माणूस कोठून आणता? आणि मला सर्वांत जास्त सतावणारा प्रश्न : आईची अधिकृत प्रतिनिधी म्हणून मी सही करू लागले, तर कंपनीच्या हातातले नियंत्रण आईकडे न जाता माझ्याकडेच येईल का? प्रतिनिधी न नेमता, केवळ कागदपत्रांपुरती मदत घेऊन कुणी स्वतः मदतनिसाला कामावर ठेवणाऱ्या मालकाची भूमिका निभावली आहे का?

पुढची भेट तीन आठवड्यांवर आहे. दुभाषा मोफत मागण्याचा हक्क आहे. तेव्हा फोनवर मराठी दुभाषा कुणाला मिळाला असेल, तर किती दिवस आधी कळवावे लागले, तेही कृपया लिहावे. या वेळी आई स्वतः बोलणार आहे आणि मी स्वयंपाकघरात थांबणार आहे.