लेकीच्या निबंधातले सगळे ‘हॅड’ बाईंनी का खोडले?

आठवीची_आई:
लेक सेमी इंग्लिशला आहे. सहलीवर निबंध लिहिला, सुरुवातच ‘वी हॅड गॉन टू रायगड लास्ट संडे’. बाईंनी जिथे जिथे हॅड गॉन, हॅड सीन होतं तिथे लाल पेनाने काट मारून वर नुसतं वेंट, सॉ लिहिलंय, कारण काही नाही. आता आपण ‘गेलो होतो’ असंच म्हणतो ना, आणि होतो म्हणजे हॅड हे आम्हाला शाळेत तसंच शिकवलेलं, मग चुकलं कुठे?

निवांत_मास्तर:
बाईंचं बरोबर आहे, फक्त कारण सांगायला हवं होतं. ताई, मराठीत ‘रायगडला गेलो होतो’ म्हटलं की जाऊन आलो हे त्यातच आलं, विषय संपला. इंग्रजीतलं हॅड गॉन असं एकटं येत नाही, त्याला भूतकाळातलीच दुसरी एखादी गोष्ट लागते जिच्या आधी हे घडलं. ‘व्हेन वी रीच्ड द रोपवे, इट हॅड क्लोज्ड’, म्हणजे आपण पोचायच्या आधीच बंद झालेला. नुसतं ‘वी हॅड गॉन लास्ट संडे’ लिहिलं की वाचणारा थांबून राहतो, बरं मग पुढे काय झालं? लास्ट संडे, येस्टरडे, इन 2019 असं कधी ते सांगितलंय ना, मग सरळ वेंट. तिथे हॅव गॉन पण चालत नाही.

कट्ट्यावरची_काकू:
आणि कधी ते न सांगता नुसतं जाऊन आलेय एवढंच सांगायचं असेल तर ‘आय हॅव बीन टू रायगड’. ‘शी हॅज गॉन टू रायगड’ म्हणजे बाईसाहेब अजून तिकडेच आहेत. हे कोणी शिकवत नाही, 12 टेन्सचा तक्ता मात्र घोकून घेतात, त्यातलं शेवटचं ‘विल हॅव बीन गोइंग’ रोजच्या बोलण्यात कोण वापरतं देव जाणे.

आठवीची_आई:
गॉन-बीनचं भारीच की! अजून एक, ‘वी डिड नॉट वेंट इनसाइड’ मधलं वेंट खोडून गो केलंय. गोष्ट मागच्या रविवारची, मग गो कसं?

निवांत_मास्तर:
कारण भूतकाळ डिडनेच दाखवला, परत दाखवायचा नाही. डू, डझ, डिडच्या पुढे मूळ रूप. म्हणून तर ‘शी गोज’ पण ‘डझ शी गो’, तो एस डझकडे गेला. हॅव, हॅज, हॅडच्या पुढे मात्र तिसरं रूप, गॉन, सीन.

कट्ट्यावरची_काकू:
तिला सांगा प्रत्येक हॅडला विचार, कशाच्या आधी? उत्तर नाही मिळालं तर काढून टाक. पण ‘वी हॅड लंच’ मधल्या हॅडला हात लावू देऊ नका हां, तिथे तेच मुख्य क्रियापद आहे, जेवलो या अर्थाचं. बाईंनी तेही खोडलं असेल तर बिनधास्त वही घेऊन जा.