अनुभव धागा: स्मृतिभ्रंश झालेल्या आपल्या माणसाला कपडे घालताना

२१ सप्टेंबरच्या जागतिक अल्झायमर दिनाला औषधांबद्दल पुष्कळ वाचायला मिळतं. आंघोळीनंतर कपडे घालायला लागणाऱ्या अर्ध्या तासाबद्दल कोणी बोलत नाही.

माझी आई जन्मभर सहावारी नेसली. सगळ्यांनी गाऊन सुचवला. गाऊन घातला की ती खोलीबाहेर येईना. "बाहेर माणसं बसलीत, अशी कशी येऊ?" माणसं म्हणजे टीव्हीवरची. शेवटी तिच्याच दोन सुती साड्या शिवून आणल्या, निऱ्या टाचलेल्या, कमरेला इलॅस्टिक. पदर तेवढा तिच्या हातात देते. तो ती खांद्यावर घेते, पिन मागते आणि बाहेर येऊन बसते.

तुमच्याकडे काय चालतं, लिहा.

*

सांगली. आजोबांना लेंगा दिला तर दोन्ही पाय एकाच बाजूत घालायचे आणि चिडायचे. पुन्हा धोतर काढलं. कमरेची गाठ मी मारतो, पुढचं टोक हातात देतो. निऱ्या ते न बघता घालतात! मधेच कोणी काही विचारलं की हात थांबतात, मग पहिल्यापासून. म्हणून आई कुकरसुद्धा नंतर लावते.

*

नाशिक. पत्नी ब्लाऊजमध्ये डावा हात घालू देईना. ओरडायची, एकदा चावलीसुद्धा. मला वाटलं, आजार वाढला. दोन महिने रोज झटापट. मग फिजिओथेरपिस्टनी हात हलवून पाहिला, तर खांदा आखडलेला. "दुखतंय" हे तिला सांगता येत नव्हतं. आता दुखरा हात आधी घालतो, काढताना तो शेवटी. ब्लाऊज सैल, पुढून वेल्क्रो. पण त्या दोन महिन्यांत मी तिचा हात ओढत होतो, हे मनातून जात नाही. कळकळीने सांगतो, विरोध अचानक सुरू झाला तर आधी दुखणं शोधा.

*

ठाणे. काकूला कपाटाच्या आरशात परकी बाई दिसायची. तिच्यासमोर कपडे कसे बदलणार? आरशावर चादर टाकली.

*

मुलगा म्हणून लिहितोय. घरात आई आणि मी दोघंच. पहिल्या दिवशी तिने परकर दोन्ही हातांनी छातीशी धरून ठेवला. मला "दादा" म्हणाली, म्हणजे तिचा थोरला भाऊ. आता खांद्यावरून मोठा पंचा पांघरतो, आतल्या आत ती जमेल तेवढं करते, मी खालून बाह्या सरळ करतो. पलंगाच्या कडेला बसवूनच, कारण उभ्याने परकर घालताना ती पडली होती. एका वेळी एकच सांगतो, "हात इकडे." सकाळी मावशी येतात, त्यांची सुट्टी असली की मीच.

*

बाबांना रोज तोच निळा शर्ट लागतो. "काल घातला होता" म्हणणं सोडलं, एकाच ताग्यातून तीन शिवून घेतले. खिशात पेन आणि रेल्वेचा जुना पास असेल तरच शर्ट अंगावर ठेवतात. पावसाळ्यात तिन्ही ओले राहिले की सकाळ अवघड जाते. कोणाला काही सुचलं तर सांगा.